सशांच्या रक्तस्रावी रोगावरील पुनर्संयोजित लसी

सशांचा रक्तस्रावी रोग हा कॅलिसिव्हिरिडी कुलातील लॅगोव्हायरस प्रजातीच्या विषाणूमुळे युरोपीय सशाला (ओरिक्टोलॅगस क्युनिक्युलस) होणारा अतितीव्र रोग आहे. त्यात यकृतातील पेशी मरतात, लहान रक्तवाहिन्यांत गुठळ्या होतात आणि ताप चढल्यावर बहुधा दीड दिवसाच्या आत जनावर दगावते.

रोगाची पहिली नोंद १९८४ मध्ये चीनच्या जिआंग्सू प्रांतात झाली. तेथे जर्मनीहून आणलेल्या अंगोरा सशांत तो दिसला आणि नऊ महिन्यांत सुमारे १ कोटी ४० लाख पाळीव ससे मेले. १९८६ मध्ये तो इटलीत पोहोचला. यावरून उगम चीनमधील मानण्याची प्रथा पडली. परंतु ब्रिटनमध्ये त्याआधी कित्येक वर्षे साठवलेल्या सशांच्या रक्तद्रवांत या विषाणूविरुद्धची प्रतिपिंडे (शरीराने रोगाविरुद्ध बनवलेली संरक्षक प्रथिने) सापडली आहेत. इटलीत १९९६ मध्ये वर्णन झालेला सशांचा निरुपद्रवी कॅलिसिव्हायरसही याच गटातला आहे. त्यामुळे युरोपात आधीपासून निमूटपणे फिरणाऱ्या विषाणूतून घातक वाण निपजला, हे मत अधिक ग्राह्य वाटते. २०१० मध्ये फ्रान्समध्ये आढळलेल्या या विषाणूच्या दुसऱ्या प्रकाराच्या मुळाविषयी मात्र एकमत नाही. जुन्या प्रकारातून वाचणारी पिल्ले या प्रकाराने मरतात. त्याची लागण रानसशांच्या (लेपस या वेगळ्या प्रजातीतील सशांच्या) काही जातींनाही होते.

पारंपरिक लशीची अडचण मूलभूत आहे. हा विषाणू प्रयोगशाळेतील पेशीसंवर्धात नीट वाढत नाही. म्हणून निरोगी सशांना रोग लावून त्यांच्या यकृताचा अर्क निष्क्रिय करावा लागे. थोडक्यात, ससे वाचवण्यासाठी ससे मारावे लागत. पुनर्संयोजित लशीने, म्हणजे विषाणूचे जनुक दुसऱ्या सजीवात घालून बनवलेल्या लशीने, हे टळते, आणि हेच तिचे खरे मोल आहे.

विषाणूचे कवच व्हीपी६० या सुमारे ६० किलोडाल्टन (रेणूंचा भार मोजण्याचे एकक) भाराच्या प्रथिनाच्या १८० प्रतींचे बनते. या एका प्रथिनाचे जनुक दुसऱ्या सजीवात घालून लस करता येते. ई. कोलाय या जिवाणूत ते प्रथिन बव्हंशी अविद्राव्य स्वरूपात मिळाले, तरी सशांना संरक्षण लाभले. बॅक्युलोव्हायरस या कीटकांच्या विषाणूमार्फत कीटकपेशींत मात्र प्रथिनाच्या प्रती आपोआप जुळून पोकळ, आरएनए (विषाणूचा जनुकीय ऐवज) नसलेले विषाणुसदृश कण तयार होतात. त्यांची घडण मूळ विषाणूसारखीच असल्याने प्रतिपिंडे योग्य रचनेवर रोखली जातात. किण्वे, बटाट्याची रोपे आणि कीटकांच्या अळ्या यांतही हे प्रथिन बनवले गेले. बॅक्युलोव्हायरसवर आधारलेल्या एका लशीला दुसऱ्या प्रकाराविरुद्ध अमेरिकेत २०२१ मध्ये आपत्कालीन वापराची परवानगी मिळाली.

दुसरा मार्ग जिवंत वाहकाचा. क्षीण केलेल्या मिक्झोमा विषाणूत व्हीपी६०चे जनुक बसवले की एकाच टोचणीने मिक्झोमॅटोसिसलाही (मिक्झोमा विषाणूमुळे सशांना होणाऱ्या दुसऱ्या घातक रोगालाही) आळा बसतो. अशी लस युरोपीय संघात २०११ पासून पाळीव सशांसाठी मान्य आहे. स्पेनमधील संशोधकांनी सशांमध्ये आपोआप पसरणारी आवृत्तीही तयार केली. १९९९च्या सुमारास स्पेनच्या मिनोर्का बेटाजवळच्या इस्ला देल आयरे बेटावर तिची चाचणी झाली, तेव्हा लस न टोचलेल्या सशांपैकी सुमारे निम्म्यांत प्रतिपिंडे आढळली. आयबेरियन लिंक्स या दुर्मीळ रानमांजराचे जगणे रानटी सशांवर अवलंबून असल्याने स्पेनमध्ये या प्रयोगाकडे आशेने पाहिले गेले. ऑस्ट्रेलियात चित्र उलटे आहे. सशांच्या उपद्रवामुळे तेथे रक्तस्रावी रोगाचाच विषाणू त्यांच्या नियंत्रणासाठी वापरतात, आणि जिवंत मिक्झोमा विषाणूची लस पाळीव सशांनाही देता येत नाही.