पावागड चढण्याआधी

पावसाळ्यात विश्वामित्री फुगली की आम्हा बडोदेकरांचा जीव टांगणीला लागतो. ही नदी उगम पावते पावागडावर, शहरापासून पन्नासेक किलोमीटरवर. तिथे चढायला निघालेल्यांसाठी ही थोडी पूर्वपीठिका.

उंची जेमतेम ८०० मीटर. सह्याद्री पालथा घातलेल्यांना ती किरकोळ वाटेल. पण सपाट मुलखात हा डोंगर एकटाच उभा आहे. खाली काळा बेसाल्ट, माथ्याकडे ज्वालामुखीचाच पण वेगळ्या जातीचा रायोलाइट. वरचे उभे कडे हीच गडाची खरी तटबंदी.

म्हणूनच गुजरातचा सुलतान महमूद बेगड्याला खिची चौहान राजपुतांकडून तो घ्यायला सुमारे वीस महिने वेढा द्यावा लागला. १४८४ मध्ये गड पडला आणि पायथ्याच्या चांपानेरला त्याने राजधानी वसवली. १५३५ मध्ये हुमायून आला. त्याच्या माणसांनी रात्री कड्यात पोलादी मेखा ठोकल्या आणि एकेक करत वर चढले. एकोणचाळीस जणांनंतर त्याचा सरदार बैरामखान, त्याच्यामागे खुद्द बादशहा! कड्याखाली उभं राहून वर पाहिलं की अंगावर काटा येतो. पुढे राजधानी हलली, चांपानेर ओस पडलं आणि रान वाढत गेलं.

१७२७च्या सुमारास मराठे इथे आले. अठराव्या शतकाच्या उत्तरार्धात गड ग्वाल्हेरच्या शिंद्यांकडे होता. १८०३ मध्ये इंग्रजांनी जिंकला, तहात परत दिला. १८५३ मध्ये पंचमहालाचा, म्हणजे गडाभोवतीच्या मुलखाचा, कारभारच इंग्रजांकडे गेला. इतकी वर्षं हा आपल्या माणसांच्या ताब्यात होता, हे बडोद्यातल्या मराठी घरांतही फारसं कुणी सांगत नाही, याची मला खंत वाटते.

शिखराखालच्या सपाट टप्प्याला इथेही माचीच म्हणतात. राजगड पाहिलेल्याला तो शब्द ऐकून बरं वाटतं. माचीपर्यंत गाडी जाते, पुढे १९८६ पासून रोपवे आहे. पण गुडघे साथ देत असतील तर चांपानेरपासून पायीच निघा. अटक दरवाजा, बुढिया दरवाजा, सदनशाह दरवाजा अशी जुनी वाट एकेक करून उलगडते. सात कमानीपाशी दम खा, खाली सगळं रान दिसतं.

वर छासिया तलावाकाठी लकुलीशाचं, म्हणजे शिवाच्या एका अवताराचं, देऊळ आहे, दहाव्या-अकराव्या शतकातलं, गडावरचं सर्वांत जुनं. शिखरावरच्या कालिकामातेच्या दर्शनाच्या घाईत बहुतेक जण तिकडे वळतच नाहीत. तुम्ही वळा. भिंतीवरच्या मूर्ती झिजल्या आहेत, तरी सकाळच्या तिरप्या उन्हात त्यांचे चेहरे ओळखू येतात.