एक टक्का, पण किती जणांत?

‘जर्मनीत कॉलेज फुकट आहे, मग आपल्याकडे का नाही?’ जळगाव-धुळ्याकडे इंजिनीअरिंगच्या पोरांत हा प्रश्न हमखास निघतो. मग कुणीतरी मोबाइलवर शोधून सांगतं, की ते उच्च शिक्षणावर जीडीपीच्या इतके टक्के घालतात आणि आपण इतके. वाद तिथेच मिटतो. खरं तर तो तिथून सुरू व्हायला हवा.

हिशेबापुरतं धरून चालू, की दोन्ही सरकारं उच्च शिक्षणावर जीडीपीचा बरोबर एक टक्का खर्च करतात. २०२४मध्ये जर्मनीचा जीडीपी साधारण ४.७ लाख कोटी डॉलर होता आणि भारताचा ३.९ लाख कोटी. म्हणजे हा एक टक्का तिकडे ४,७०० कोटी आणि इकडे ३,९०० कोटी डॉलर. फार अंतर नाही. पण जर्मनीत उच्च शिक्षण घेणारे सुमारे २९ लाख आणि भारतात, २०२१-२२च्या सरकारी पाहणीनुसार, ४.३३ कोटी. भरिताचं पातेलं जवळपास तेवढंच, पंगत मात्र पंधरा पट. माणशी वाटा काढला, तर तिकडे सोळा हजार डॉलर आणि इकडे जेमतेम नऊशे. टक्का सारखा असूनही फरक अठरा पट!

आता दुसरी दुरुस्ती. प्राध्यापकाचा पगार, शिपायाचा पगार, वसतिगृहाची मेस हे सगळं रुपयांत भागतं, आणि डॉलरच्या बदल्यात मिळणारे रुपये इथे अमेरिकेपेक्षा बरंच जास्त विकत घेतात. अर्थशास्त्रज्ञ यासाठी क्रयशक्तीचा हिशेब लावतात. तो लावला की अठरा पटींचं अंतर पाच-सहा पटींवर येतं. मात्र इलेक्ट्रॉन मायक्रोस्कोप किंवा परदेशी जर्नलची वर्गणी घ्यायला गेलं, की विक्रेता क्रयशक्ती विचारत नाही. म्हणून पदवीच्या वर्गाला लागू पडणारा हा हिशेब संशोधनाच्या प्रयोगशाळेत लंगडा पडतो.

ज्या विद्यार्थिसंख्येने खर्चाला भागायचं, तीही साधी नाही. जर्मनीत बरीच मुलं विद्यापीठाऐवजी कंपनीत पगारी प्रशिक्षण आणि जोडीला व्यवसायशाळा असा मार्ग धरतात. ती त्या २९ लाखांत नाहीत. आपल्याकडे बारावीनंतर दुसरं काही सुचत नाही म्हणून बीए-बीकॉमला नाव घातलेली पोरं मात्र ४.३३ कोटींत आहेत.

शिवाय खर्च कोणाच्या खात्यावर टाकायचा? तळोद्याचा आदिवासी विद्यार्थी नंदुरबारला कॉलेजात शिकतो. वसतिगृहात जागा मिळाली नाही, तर जेवणाचे आणि खोलीभाड्याचे पैसे त्याला पंडित दीनदयाळ उपाध्याय स्वयम् योजनेतून मिळतात, म्हणजे आदिवासी विकास विभागाकडून. केवळ शिक्षण खात्याचं बजेट पाहणाऱ्याला हा पैसा दिसणारच नाही. केंद्राचा आकडा घेऊन राज्यांचा विसरणं ही तर नेहमीची गफलत. जर्मनीतही विद्यापीठांचा मुख्य भार राज्यांवरच आहे. आणि कोठारी शिक्षण आयोगाने १९६६मध्ये सुचवलेले, २०२०च्या राष्ट्रीय शैक्षणिक धोरणात पुन्हा आलेले सहा टक्के हे बालवाडीपासूनच्या सगळ्या शिक्षणाचे आहेत, एकट्या उच्च शिक्षणाचे नाहीत.

राहता राहिलं ‘फुकट’. जर्मनीतली फी २००६-०७च्या सुमारास काही राज्यांनी लावली आणि २०१४पर्यंत सगळ्यांनी काढली. बाडेन-वुर्टेमबर्गने मात्र २०१७पासून युरोपीय संघाबाहेरच्या विद्यार्थ्यांना सत्राला १,५०० युरो लावले. गंमत अशी, की कुशल मनुष्यबळ पाठवण्याचा करार महाराष्ट्राने २०२४मध्ये केला तो याच राज्याशी.

माझ्या मते आपल्याकडचा माणशी खर्च कमी दिसण्याचं एक कारण स्टाफरूममध्येच बसलेलं असतं. एकाच विषयाचे दोन शिक्षक, एक अनुदानित जागेवर पूर्ण वेतनावर आणि दुसरा सीएचबीवर (क्लॉक अवर बेसिस), म्हणजे शिकवलेल्या तासांच्या हिशेबाने. पहिला निवृत्त झाला आणि जागा भरली नाही, की त्याचे तासही सीएचबीवाल्याकडे येतात. सरकारचा खर्च घटतो, वर्गातली पोरं तेवढीच राहतात.