‘सगळं छान होईल’ म्हणजे आशावाद नव्हे

आशावादी पालक म्हणजे कायम हसतमुख, उठता-बसता ‘काळजी करू नकोस, सगळं छान होईल’ म्हणणारा, हा समज चांगलाच मुरलाय. त्याचं शेपूट असं, की हा स्वभाव जन्मजातच असावा लागतो. जनुकांचा वाटा असतो खरा, पण काही अंशीच. बाकीचं शिकता येतं.

काय शिकायचं? लिन अब्रमसन, मार्टिन सेलिगमन आणि जॉन टीसडेल या मानसशास्त्रज्ञांनी १९७८ मध्ये मांडलं, की वाईट घडल्यावर आपण त्याचं कारण काय सांगतो हे महत्त्वाचं. ते कारण कायमचं की तात्पुरतं? सगळीकडे लागू की एवढ्यापुरतं? दोष फक्त माझाच की इतरही गोष्टींचा?

मूल गणितात नापास झालं. ‘तू आळशीच आहेस’ हा कायमचा शिक्का. ‘अपूर्णांकांचा सराव राहिला’ म्हटलं तर गुण तेवढेच राहतात, पण उद्या करण्यासारखं काहीतरी हाती येतं. ‘हुशार आहेस गं, होशील पास’ यातून मात्र काहीच हाती येत नाही.

आणि मुलं आपलं स्वतःशी पुटपुटणंही ऐकतात. किल्ली सापडेना की ‘माझं कधीच काही धड होत नाही’ म्हणणारे आपणच असतो!

नुसत्या गोड कल्पनांचं काय? मानसशास्त्रज्ञ गॅब्रिएल ओटिंगन यांच्या १९९१ च्या अभ्यासात, वजन घटवू पाहणाऱ्या स्त्रियांपैकी ज्या यशाची गुलाबी चित्रं रंगवत होत्या, त्यांचं वजन कमी घटलं. आपल्याला जमेल अशी अपेक्षा बाळगणाऱ्यांचं जास्त.