ग्राहक कल्याण निधी

ग्राहक कल्याण निधी : कराची जी रक्कम तिचा भार सोसलेल्या ग्राहकाला परत करणे शक्य नसते, ती ग्राहकांच्याच हितासाठी वापरता यावी म्हणून केंद्र सरकारने उभारलेला निधी. ग्राहक चळवळीतील स्वयंसेवी संस्थांना संशोधन, वस्तूंच्या चाचण्या, प्रबोधन आणि तक्रार-मार्गदर्शन यांसाठी मिळणाऱ्या सरकारी अर्थसाहाय्याचा हा भारतातील एक मुख्य स्रोत होय. त्याला सर्रास ‘अनुदान’ म्हणतात, आणि ते देताना-घेताना उपकाराचा सूरही लागतो. पण हा पैसा मुळात सरकारच्या पदरचा नाही.

तो कुठून येतो, हे एका काल्पनिक उदाहरणावरून कळेल. एका साबण कारखान्याकडून उत्पादन शुल्क दहाऐवजी पंधरा टक्क्यांनी वसूल झाले. कारखानदाराने ते निषेध नोंदवून भरले आणि साबणाच्या किमतीत धरून गिऱ्हाइकांकडून काढूनही घेतले. काही वर्षांनी दर दहा टक्केच होता असा निकाल लागला. आता जादा पाच टक्के कोणाचे? पूर्वी कारखानदार परताव्याचा अर्ज करी आणि रक्कम त्यालाच मिळे. म्हणजे एकदा गिऱ्हाइकाकडून आणि एकदा सरकारकडून, अशी दुहेरी वसुली. साबणाची वडी घेणाऱ्या बाईला यातले काहीच कळत नसे आणि कळले असते तरी तिच्याकडे पावती नव्हती. अशा आयत्या लाभाला कायद्यात ‘अन्याय्य समृद्धी’ म्हणतात.

१९९१ साली केंद्रीय उत्पादन शुल्क आणि सीमाशुल्क कायद्यांत दुरुस्ती होऊन ती २० सप्टेंबर १९९१ पासून अमलात आली. कराचा भार पुढे ढकललेला नाही, हे सिद्ध करण्याची जबाबदारी परतावा मागणाऱ्यावर आली. ते सिद्ध झाले नाही, तर रक्कम सरकारने ठेवायची नाही आणि उत्पादकालाही द्यायची नाही. ती या निधीत जमा करायची. निधीचे नियम १९९२ मध्ये आले. उद्योगांनी या तरतुदीला आव्हान दिले. मफतलाल इंडस्ट्रीजच्या खटल्यात सर्वोच्च न्यायालयाच्या नऊ न्यायाधीशांच्या पीठाने डिसेंबर १९९६ मध्ये ती वैध ठरवली. एरवी घटनात्मक पेचांसाठी बसणारे एवढे मोठे पीठ परताव्याच्या प्रश्नावर बसले, यावरून किती रकमा पणाला लागल्या होत्या याचा अंदाज येतो.

वस्तू व सेवा कर लागू झाल्यावर २०१७ च्या कायद्याच्या ५७ व्या कलमाने हीच व्यवस्था पुढे चालवली. तपशील नियम ९७ मध्ये आहेत. त्याच कायद्यामुळे एक नवा ओघही मिळाला. नोव्हेंबर २०१७ मध्ये अनेक वस्तूंवरचा कर २८ टक्क्यांवरून १८ टक्क्यांवर आला. अशी करकपात झाली की किंमत उतरवणे कलम १७१ नुसार विक्रेत्यावर बंधनकारक होते. ती न उतरवल्यास नफेखोरीची रक्कम ग्राहकाला परत करायची आणि ग्राहक सापडत नसेल, तर निम्मी केंद्राच्या व निम्मी संबंधित राज्याच्या ग्राहक कल्याण निधीत भरायची. दिल्ली उच्च न्यायालयाने जानेवारी २०२४ मध्ये या तरतुदी वैध मानल्या; मात्र १ एप्रिल २०२५ पासून नफेखोरीच्या नव्या तक्रारी घेणे बंद झाले. ग्राहक संरक्षण कायदा २०१९ मध्येही याच्या जवळचा विचार दिसतो : सहजी ओळखता न येणाऱ्या असंख्य ग्राहकांचे नुकसान झाले असेल, तर सदोष मालाच्या किंवा सेवेच्या मूल्याच्या किमान २५ टक्के रक्कम भरण्याचा आदेश ग्राहक आयोग देऊ शकतो.

निधीचे काम केंद्रीय ग्राहक व्यवहार विभागाकडे असून मंजुरी स्थायी समिती देते. किमान तीन वर्षे ग्राहकहिताचे काम करणाऱ्या नोंदणीकृत संस्था, शैक्षणिक व संशोधन संस्था आणि राज्य सरकारे अर्ज करू शकतात. नियमांत आणखी एक तरतूद आहे, जिच्याकडे फारसे कोणाचे लक्ष जात नाही : ग्राहक तक्रारीचा अंतिम निकाल लागल्यावर तक्रारदाराला झालेल्या कायदेशीर खर्चाची भरपाईही या निधीतून देता येते.

संस्थांना पैसा लागतो तो मुख्यतः दोन कामांसाठी. पहिले तौलनिक चाचण्यांचे. एकाच वस्तूच्या दहा-बारा ब्रँडचे नमुने बाजारातून, चारचौघांसारखे दुकानात जाऊन विकत घ्यायचे (कंपनीने पाठवलेला नमुना चालत नाही), मान्यताप्राप्त प्रयोगशाळेत तपासायचे आणि नावानिशी निकाल छापायचे. हे खर्चिक आहे आणि ज्यांची परीक्षा घ्यायची त्यांच्याच जाहिराती घेऊन तो खर्च भागवता येत नाही. दिल्लीच्या ‘व्हॉइस’ या संस्थेच्या अशा चाचण्यांना विभागाचे साहाय्य मिळाले आहे. दुसरे काम सल्ल्याचे. १५ मार्च २००५ रोजी सुरू झालेली राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइन आरंभी दिल्ली विद्यापीठाच्या वाणिज्य विभागातून चालत असे. महाराष्ट्राच्या हेल्पलाइनचे काम मुंबईच्या कन्झ्युमर गायडन्स सोसायटी ऑफ इंडियाने सांभाळले. १९६६ मध्ये काही गृहिणींनी स्थापन केलेली ही देशातील सर्वांत जुन्या ग्राहक संस्थांपैकी एक. बंगळूरच्या राष्ट्रीय विधी विद्यापीठातील ग्राहक कायद्याचे अध्यासनही सरकारी पाठबळावर उभे राहिले.

महाराष्ट्रात मात्र दुसरी वाटही रुळली आहे. १९७५ मध्ये सुरू झालेल्या मुंबई ग्राहक पंचायतीचा पाया सभासदांनी मिळून घाऊक खरेदी करून माल घरोघरच्या गटांत वाटून घेण्याचा. महिन्याचे वाणसामान हाच तिथे चळवळीचा कणा आहे, म्हणून ती सरकारी तिजोरीच्या तोंडाकडे पाहत बसत नाही.

सरकारी पैशाची खरी अडचण स्वातंत्र्याची आहे. ग्राहकांची गाऱ्हाणी वीज मंडळे, रेल्वे, सरकारी विमा कंपन्या यांच्याविरुद्धही असतात आणि अर्ज मंजूर करणारी समिती सरकारचीच. ब्रिटनमधील ‘विच?’ ही संघटना सभासदांच्या वर्गणीवर आणि स्वतःच्या व्यवसायावर चालते. जर्मनीने १९६४ साली ‘श्टिफ्टुंग वारेनटेस्ट’ ही संस्था सरकारी पुढाकारानेच काढली, पण जाहिरातींपासून दूर ठेवली आणि जाहिराती नसल्याच्या बदल्यात मदत दिली. भारतात साहाय्य बहुतांशी प्रकल्पापुरते आणि हप्त्यांनी मिळते. पैसा ठरल्या कामावरच खर्च झाला, असे उपयोगिता प्रमाणपत्र द्यावे लागते. चाचणीचा प्रकल्प असा मुदतीत बसवता येतो. हेल्पलाइनवर फोन उचलणारा माणूस बारमाही लागतो. केंद्र आणि राज्ये यांनी साधारणपणे ७५:२५ या प्रमाणात रक्कम घालून राज्य पातळीवर कायम ठेव उभी करायची व तिच्या व्याजातून कामे चालवायची, ही योजना अशा नित्याच्या खर्चाला अधिक सोयीची आहे.