खड्डा खोल केला म्हणून पाणी निवळत नाही

चाळीसगाव असो की धुळे, खोदकामाच्या साइटवर, उपसलेलं गढूळ पाणी निवळायला सोडतात त्या खड्ड्यापाशी, हे हमखास ऐकू येतं: ‘भाऊ, खड्डा अजून दोन मीटर खाली घ्या, पाणी आपोआप निवळेल.’ नाही निवळत. निवळणं ठरतं खड्ड्याच्या, म्हणजे निवळण-टाकीच्या, पसाऱ्यावर: वरून दिसणाऱ्या पृष्ठभागावर. तासाला 60 घनमीटर पाणी उपसताय असं धरा. 0.02 मिलिमीटरचा गाळाचा कण संथ पाण्यात तासाला साधारण 1.3 मीटर खाली उतरतो. 60 भागिले 1.3, म्हणजे किमान 46 चौरस मीटर पृष्ठभाग हवा. खोली दुप्पट केली तर पाणी दुप्पट वेळ थांबतं खरं, पण कणालाही दुप्पट अंतर उतरावं लागतं. झालं, फिट्टंफाट! अमेरिकन अभियंते ॲलन हेझन यांनी हे 1904 मध्येच मांडलंय. खोली लागते ती साचलेला गाळ मावायला.

आपली काळी माती तर महाहट्टी. तिचा 0.002 मिलिमीटरचा कण शंभरपट हळू बसतो, त्याहून बारीक कण तर आणखी हळू. बरणीत भरून ठेवा, दुसऱ्या दिवशीही पाणी गढूळच. तिथं तुरटी लागते, मात्रा आधी बरणीतच ठरवायची. बोगद्यात सिमेंटचं पाणी मिसळलं की सामू (pH) 11-12 वर जाऊ शकतो. तो टाकी वाढवून उतरत नाही, आम्ल किंवा कार्बन डायऑक्साइड सोडावा लागतो.

आणि उपशाचा तो 60 चा आकडा उन्हाळ्यातला नको, जुलैतल्या झडीचा घ्या.