ओझरची अप्रेंटिस शाळा: पार्श्वभूमी

नाशिकजवळच्या ओझरच्या विमान-दुरुस्ती डेपोतली अप्रेंटिस शाळा हवाई दलाची आहे, पण ती हवाई दलाच्या प्रशिक्षण कमांडमध्ये मोडत नाही. वायुसैनिक म्हणून भरती झालेला मुलगा आधी बेळगावजवळच्या सांबऱ्याला जातो, तिथले मूलभूत प्रशिक्षण संपवतो आणि मग ट्रेडप्रमाणे जालहळ्ळी, तांबरमसारख्या ठिकाणच्या संस्थांत शिकतो. ही साखळी बंगळुरूच्या प्रशिक्षण कमांडची. ओझरचा डेपो नागपूरच्या देखभाल कमांडखाली येतो. इथला मुलगा आयटीआय करूनच येतो आणि वर्षभर शिकतो. तो नागरी शिकाऊ उमेदवार असतो, त्याला कुठलाही हुद्दा नसतो. शेवटी त्याच्या हाती पडते ते राष्ट्रीय शिकाऊ उमेदवारी प्रमाणपत्र, जे सातपूर-अंबडच्या कारखान्यात अप्रेंटिसशिप केलेल्यालाही मिळते. निफाड-दिंडोरीकडे तरीही ‘पोरगा एअरफोर्सला लागला’ असेच म्हणतात, आणि वर्षभराने ‘मग नोकरी का नाही दिली?’ असे विचारतात. या प्रश्नाचे उत्तर १९६१ च्या एका कायद्यात आहे. त्यापूर्वीचा इतिहास थोडक्यात पाहू.

हवाई दल ८ ऑक्टोबर १९३२ रोजी स्थापन झाले. १ एप्रिल १९३३ रोजी कराचीच्या द्रिघ रोडला पहिली स्क्वाड्रन उभी राहिली, तेव्हा चार वापिटी विमाने होती आणि जमिनीवरच्या तांत्रिक कामाला ‘हवाई सिपाही’ होते. ट्रेडची विभागणी ब्रिटिशांची होती: इंजिनाचा माणूस वेगळा, सांगाड्याचा वेगळा; खाली फ्लाइट मेकॅनिक, त्यावर फिटर. स्वातंत्र्यानंतर २२ जुलै १९४९ रोजी प्रशिक्षण कमांड झाली, त्याच महिन्यात जालहळ्ळीला तांत्रिक अधिकाऱ्यांचे महाविद्यालय सुरू झाले. इंजिन, सांगाडा, वीज, उपकरणे, शस्त्रे, रेडिओ हे वेगळे कप्पे पुढेही टिकले. आजही जेट लढाऊ विमानाला हात लावणारा माणूस आपल्या कप्प्यातल्याच कामावर सही करतो.

नाशिकचा संबंध १९६२ नंतर आला. मिग-२१ हे सोव्हिएत लढाऊ विमान भारतात बनवायचे ठरले आणि काम तीन ठिकाणी वाटले गेले: इंजिन कोरापुटला, इलेक्ट्रॉनिक उपकरणे हैदराबादला, सांगाडा आणि जुळणी ओझरला. नाशिकमधून १९६३ मध्ये लोकसभेवर बिनविरोध गेलेले तेव्हाचे संरक्षणमंत्री यशवंतराव चव्हाण या निवडीमागे होते, असे इथे मानले जाते. कारखाना चालवणारी कंपनी, हिंदुस्तान एरोनॉटिक्स, १ ऑक्टोबर १९६४ रोजी आजच्या रूपात आली. हवाई दलाचा स्वतःचा डेपो, ११ बेस रिपेअर डेपो, १९७४ चा. कारखाना आणि डेपो एकाच धावपट्टीच्या आसऱ्याने असल्याने बाहेरच्यांची गल्लत होते. कारखाना विमान बनवतो. डेपो हवाई दलाचेच विमान पूर्ण उकलून पुन्हा बांधतो.

देखभालीच्या चार पायऱ्या आहेत. पहिली आणि दुसरी स्क्वाड्रनमध्ये, तिसरी तळावर, चौथी डेपोत. चौथ्या पायरीवर विमान रिकामे करून सुटे केले जाते, रंग उतरवला जातो, एकेका भागाची तडे आणि गंजासाठी तपासणी होते, दोषांची यादी निघते, दुरुस्ती-बदल होऊन जुळणी, जमिनीवर इंजिनाची चाचणी आणि शेवटी उड्डाण-चाचणी होते. ओझरला मिग-२३ झाले, मिग-२९ चे ओव्हरहॉल (म्हणजे हीच पूर्ण दुरुस्ती) आणि नंतर त्यांचे अद्ययावतीकरण झाले, २०१८ मध्ये पहिले ओव्हरहॉल केलेले सुखोई-३० बाहेर पडले. ८ मार्च २०२४ रोजी डेपोला राष्ट्रपतींच्या हस्ते निशाण मिळाले. लढाऊ विमानांसाठी हवाई दलाचा हा एकमेव दुरुस्ती डेपो आहे.

आता शाळा. शिकाऊ उमेदवार कायदा १९६१ चा, अंमल १ मार्च १९६२ पासून, आणि मालकांवरची बंधने १ जानेवारी १९६३ पासून. सरकारी आस्थापनाही त्यात आल्या. कायद्याने प्रशिक्षणाचे तीन भाग केले: मूलभूत प्रशिक्षण, प्रत्यक्ष शॉपमधले काम आणि त्याला जोडून वर्गातले शिक्षण. ५०० किंवा त्याहून जास्त कामगार असलेल्या मालकाने मूलभूत प्रशिक्षण वर्कशॉपच्या वेगळ्या भागात किंवा वेगळ्या इमारतीत द्यावे, असे मूळ कलम होते. मोठ्या सरकारी वर्कशॉपांमध्ये अप्रेंटिस ‘शाळा’ या नावाने स्वतंत्र दिसते, त्यामागे हे कलम आहे. आयटीआय झालेल्याला मूलभूत भागातून सूट मिळते, म्हणून मुदत एका वर्षावर येते. इथेच अडचण सुरू होते, कारण आयटीआयने शिकवलेल्या काही सवयी विमानावर चालत नाहीत.

ओझरच्या जाहिरातींत फिटर, मशिनिस्ट, शीट मेटल, वेल्डर, विमान इलेक्ट्रिशियन, रेडिओ-रडार मेकॅनिक, सुतार, रंगारी असे ट्रेड असतात. शीट मेटलचे उदाहरण घेऊ. आयटीआयत माइल्ड स्टीलच्या पट्टीवर स्क्राइबरने (टोकदार सळईने) रेघ ओढायची, पंच मारायचा, मग कापायचे हे अंगवळणी पडलेले असते. विमानाच्या ड्युरॅल्युमिनच्या, म्हणजे अॅल्युमिनियमच्या मिश्रधातूच्या, पत्र्यावर स्क्राइबरची रेघ म्हणजे तड्याची सुरुवात. हजारो तासांच्या कंपनात तडा तिथूनच धावतो. साधी शिसपेन्सिलही चालत नाही, कारण ग्राफाइट आणि अॅल्युमिनियम ओलाव्यात एकत्र आले की गंज धरतो. स्टील वूलने घासायचे नाही, कारण लोखंडाचे कण पत्र्यात रुततात आणि तिथे पुळ्या येतात.

रिव्हेट, म्हणजे दोन पत्रे जोडणारी ठोकून बसवायची खीळ, मारण्याचा हिशेब सोपा, पण माफी नसलेला. ४ मिमीचा रिव्हेट असेल तर पत्र्याबाहेर दांडा साधारण ६ मिमी राहावा, ठोकलेल्या डोक्याचा व्यास ६ मिमी आणि उंची २ मिमीच्या आसपास यावी, आणि भोकाच्या मध्यापासून पत्र्याची कड किमान ८ मिमी असावी. कड जवळ घेतली तर पत्रा फाटतो. भोकाची कुसळे काढली नाहीत तर दोन पत्र्यांत फट राहते, फटीत पाणी शिरते. डोके जास्त चेपले तर दांडा फुगून भोकाभोवती तडे जातात. डिसेंबर २००८ मध्ये रशियात एक मिग-२९ उभ्या शेपटीतल्या गंजामुळे कोसळले आणि तिथला सगळा ताफा जमिनीवर आला, भारतातही तपासणी करावी लागली. हे प्रकरण शीट मेटलच्या मुलांना पहिल्याच आठवड्यात सांगावे असे आहे.

वेल्डरचे तसेच. टायटॅनियम सुमारे ४०० अंशांवर गेले की हवेतला ऑक्सिजन ओढून घेते आणि ठिसूळ होते, म्हणून वेल्ड आणि त्याची मागची बाजू दोन्ही थंड होईपर्यंत अर्गॉन वायूखाली ठेवावे लागतात. जोड चंदेरी किंवा फिकट सोनेरी दिसला तर ठीक. निळा, राखाडी किंवा वर पांढरी भुकटी असेल तर तो भाग कापून पुन्हा. घासून रंग घालवणे हा गुन्हाच समजावा. इलेक्ट्रिशियनने तारांच्या गुंड्याला त्यातल्या सर्वांत जाड तारेच्या दहापटीपेक्षा कमी त्रिज्येचा वळसा द्यायचा नाही. नट सैल होऊ नये म्हणून बांधायच्या लॉकिंग वायरला २५ मिमीत ६ ते ८ पिळे, ओढ नट आवळण्याच्या दिशेने, आणि एकदा काढलेली वायर परत वापरायची नाही. पिळे जास्त झाले तर वायर कडक होऊन तुटते.

रंगारी आणि सुतार हे ट्रेड लोकांना विमानाशी विसंगत वाटतात, ते चूक आहे. रंगाचा थर जाड झाला की पंख-शेपटीवरच्या हलत्या भागांचा तोल बिघडतो. रंगाआधी दाबमापनाच्या भोकांवर आणि पाणी निचऱ्याच्या छिद्रांवर लावलेली टेप काढायची राहिली तर वैमानिकाला वेग आणि उंची चुकीची दिसते. १९९६ मध्ये पेरूचे एक प्रवासी विमान, साफसफाईनंतर अशीच टेप राहून गेल्याने, ७० जणांसह समुद्रात पडले. सुताराकडे सुटे भाग ठेवायचे लाकडी पाळणे, अस्तर लावलेले आधार, नाजूक भागांच्या पेट्या. त्यातला एक खिळा वर आला तर लाखोंचा पॅनेल ओरखडतो.

या सगळ्याला वर्ष पुरते का? हात बसायला पुरते, सही करण्याइतका भरवसा यायला पुरत नाही. म्हणून पुढे काय होते हा प्रश्न महत्त्वाचा, आणि शिकाऊ उमेदवार कायद्याच्या कलम २२ वरचा वाद इथेच आहे.

मूळ कलम २२(१) सांगत होते की प्रशिक्षण संपल्यावर नोकरी देणे मालकावर बंधनकारक नाही आणि ती घेणे उमेदवारावरही नाही. करारातच तशी अट घातली असेल तर मात्र कलम २२(२) प्रमाणे नोकरी द्यावी लागते. कायद्याचा हेतू देशाला कुशल हात मिळवून देण्याचा होता, एकेका आस्थापनेची भरती करण्याचा नव्हता. तरी सरकारी पैशाने शिकवलेला मुलगा दारातून बाहेर जातो आणि त्याच जागी नवखा येतो, हे पटणे कठीणच.

१९९५ मध्ये उत्तर प्रदेशातल्या परिवहन महामंडळाच्या प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने मधला मार्ग काढला. इतर बाबी समान असतील तर प्रशिक्षित उमेदवाराला थेट उमेदवारापेक्षा प्राधान्य द्यावे. सेवायोजन कार्यालयाचे नाव येण्याची अट नको. वयोमर्यादेत प्रशिक्षणाच्या काळाइतकी सूट मिळावी. आधी शिकलेल्याला आधी घ्यावे. त्या प्रकरणातल्या मुलांना लेखी परीक्षेतूनही सूट मिळाली, आणि देशभरातल्या अप्रेंटिसांनी तीच ओळ धरून ठेवली. २००० मध्ये त्याच न्यायालयाने वीज मंडळाच्या प्रकरणात सांगितले की परीक्षा सगळ्यांना द्यावी लागेल. मग उरले ते ‘इतर बाबी समान असतील तर’. दोन उमेदवारांचे गुण एकसारखे आले तरच हे शब्द कामाला येतात, आणि हजारोंच्या परीक्षेत असे क्वचितच घडते. २००६ मध्ये घटनापीठाने सरकारी नोकरीतला मागच्या दाराचा प्रवेश बंद केल्यावर ही वाट आणखी अरुंद झाली.

२०१४ च्या दुरुस्तीने २२(१) बदलले. आता प्रत्येक मालकाने आपल्या अप्रेंटिसांना घेण्याबाबत स्वतःचे धोरण ठरवायचे आहे. वरवर हे उमेदवाराच्या बाजूचे वाटते. अंबडच्या खासगी कारखान्याला ते खरोखर उपयोगी आहे, कारण मुलगा आवडला तर त्याला दुसऱ्या दिवशी कामावर घेता येते. डेपोच्या हातात ते नाही. नागरी पदांची मंजुरी वरून येते, भरतीला खुली जाहिरात आणि परीक्षा लागते, आरक्षणाचा हिशेब असतो. म्हणजे ज्या मालकाने सर्वांत दुर्मीळ कौशल्य शिकवले, त्यालाच ते ठेवून घेण्याची मोकळीक सर्वांत कमी. टायटॅनियमचा जोड लावायला शिकलेला वेल्डर मग फॅब्रिकेशन शॉपमध्ये ग्रिल जोडतो. कायद्याच्या अर्थाने हे यश आहे, कारण त्याला काम मिळाले. डेपोच्या अर्थाने ती गळती आहे, आणि ती मोजली जात नाही. खुल्या स्पर्धेचे तत्त्व न मोडताही प्रशिक्षणाच्या वर्षाला परीक्षेत ठरावीक गुण देता येतील. 

वायुसैनिकांच्या वाटेवरही १४ जून २०२२ पासून असाच प्रश्न उभा आहे. अग्निपथ या भरती योजनेत सेवा चार वर्षांची, आणि पुढे जास्तीत जास्त २५ टक्के कायम. प्रशिक्षणाचा काळ त्याच चार वर्षांतून जातो. म्हणजे लढाऊ विमानाचा ट्रेड शिकून स्वतंत्रपणे काम करू लागलेल्या मुलाची मुदत लवकरच संपत येते. डेपोत जुने नागरी कारागीर वर्षानुवर्षे एकाच शॉपमध्ये राहतात, त्यामुळे शिकवणारा हात निदान जागेवर आहे.

ओझरला मागणी कमी होणारी नाही. मिग-२१ २६ सप्टेंबर २०२५ रोजी निवृत्त झाले, पण १७ ऑक्टोबर २०२५ रोजी कारखान्याच्या नव्या रांगेतून पहिले तेजस मार्क-१ए उडाले, आणि डेपोत सुखोईंची रांग सुरू आहे. शाळेत अर्ज करणाऱ्याने विद्यावेतनाच्या आकड्याआधी करारपत्र वाचावे. २२(२) ची अट त्यात आहे का, हे बघावे. वर्ष संपल्यावर अखिल भारतीय ट्रेड टेस्ट चुकवू नये, कारण राष्ट्रीय प्रमाणपत्र त्याशिवाय मिळत नाही. करार, हजेरी आणि प्रमाणपत्रावरच्या तारखा एकमेकांशी जुळतात का ते तिथेच तपासून घ्यावे. वयाची सूट मागायची वेळ आली तर प्रशिक्षणाचा काळ याच कागदांवरून मोजला जातो.