गेमिंग पीसीला रॅम किती लागते? या आकड्यामागची चाळीस वर्षं

नवा पीसी जुळवायचा ठरला की पहिला वाद रॅमवरून, म्हणजे चालू प्रोग्रॅमला लागणाऱ्या तात्पुरत्या मेमरीवरून, होतो. एक म्हणतो १६ जीबी पुरे, दुसरा म्हणतो ३२ च्या खाली जाऊच नको. वाद जुनाच आहे, आकडे तेवढे बदलत आले. आणि माझ्या मते ते गेमच्या भुकेपेक्षा मशीनमधली भिंत कुठे होती यावरून जास्त ठरत गेले.

पहिली भिंत ६४० केबीची (१,०२४ केबी म्हणजे १ एमबी, १,०२४ एमबी म्हणजे १ जीबी). १९८१ साली आलेल्या आयबीएम पीसीतला ८०८८ प्रोसेसर १ एमबीपर्यंतचीच मेमरी ओळखायचा. त्यातला वरचा भाग स्क्रीन आणि रॉमसाठी (मशीनमध्ये कायम साठवलेल्या प्रोग्रॅमसाठी) राखून ठेवला गेला, उरलेले ६४० केबी प्रोग्रॅमच्या वाट्याला आले. ‘६४० केबी कुणालाही पुरतील’ हे वाक्य बिल गेट्स यांच्या नावावर फिरतं, पण आपण असं कधी म्हटलं नाही, हे त्यांनी स्पष्ट सांगितलं आहे. भिंत मात्र खरी होती. नव्वदीच्या सुरुवातीला मशीनमध्ये ४ एमबी रॅम असली तरी डॉसवरचा (विंडोजच्या आधीच्या ऑपरेटिंग सिस्टिमवरचा) गेम मेमरी कमी आहे म्हणून बंद पडायचा. त्याला हवी असायची ती पहिल्या ६४० केबीतली मोकळी जागा, आणि तिथे माउस, साउंड कार्ड, सीडी-रॉम यांचे ड्रायव्हर, म्हणजे ती उपकरणं चालवणारे छोटे प्रोग्रॅम, ठाण मांडून बसलेले. मग मशीन सुरू होताना वाचली जाणारी कॉन्फिग डॉट सिस फाइल उघडा, हायमेम आणि ईएमएम३८६ या मेमरी सांभाळणाऱ्या प्रोग्रॅमच्या ओळी घाला, एकेक ड्रायव्हर ६४० केबीच्या वरच्या जागेत ढकला, मशीन पुन्हा सुरू करा आणि ‘मेम’ कमांड देऊन बघा किती केबी सुटले. पाच-दहा केबीसाठी अख्खी संध्याकाळ जायची. काही जण एकेका गेमसाठी मशीन सुरू करायची वेगळी बूट फ्लॉपी करून ठेवायचे.

डिसेंबर १९९३ मध्ये ‘डूम’ हा गेम आला आणि त्याने हे चित्र पालटलं. डॉस एक्स्टेंडर या साहाय्यक प्रोग्रॅमच्या मदतीने तो ही भिंत ओलांडून पूर्ण मेमरी वापरायचा; किमान ४ एमबी मागायचा. त्याच वर्षी जुलैत जपानमधल्या नीहामा इथे सुमितोमो केमिकलच्या कारखान्यात स्फोट झाला होता. चिपवरचं काळं आवरण ज्या इपॉक्सी रेझिनचं असतं, त्याचा जगातला निम्म्याहून अधिक पुरवठा तिथून व्हायचा. रॅमचे भाव एकदम चढले. गेमची मागणी वाढली आणि रॅम महागली, दोन्ही एकाच वर्षात.

पुढची दहा वर्षं आकडे धावत सुटले. ‘क्वेक’ला १९९६ मध्ये ८ एमबी, ‘हाफ-लाइफ’ला १९९८ मध्ये २४, ‘व्हाइस सिटी’ला २००३ मध्ये १२८ आणि ‘डूम ३’ला २००४ मध्ये किमान ३८४ एमबी. म्हणजे एका डूमपासून दुसऱ्या डूमपर्यंत अकरा वर्षांच्या आत ९६ पट.

रॅम कमी पडते म्हणजे नेमकं काय होतं, हे मी सायबर कॅफेत बघितलं. मशीन जेमतेम १२८ एमबीचं. ‘व्हाइस सिटी’त गाडी जोरात वळवली की चित्र थिजायचं, कॅबिनेटवरचा लाल दिवा पेटून राहायचा, आतून हार्ड डिस्कची करकर ऐकू यायची आणि मग दोन-तीन सेकंदांनी पुढचा रस्ता दिसायचा. विंडोज रॅममधला माल हार्ड डिस्कवर टाकत होतं आणि लागेल तसा परत उचलत होतं. डिस्क रॅमच्या तुलनेत कितीतरी मंद, म्हणून तो अडखळा. शेजारच्या २५६ एमबीच्या मशीनवर तोच गेम सुरळीत चालायचा. रॅमचं हे असं आहे: अपुरी पडली की जीव नकोसा करते, पण पुरेशी झाल्यावर वर कितीही घातली तरी गेम पळत नाही.

दुसरी भिंत ४ जीबीची. ३२-बिट विंडोजला त्यापुढचं दिसतच नसे; ४ जीबी बसवूनही सव्वातीनच्या आसपासच हाती लागायची, आणि एका प्रोग्रॅमला सहसा २ जीबीच मिळायचे. पण मोठे गेम कन्सोल (टीव्हीला जोडायचं खेळाचं यंत्र) डोळ्यांसमोर ठेवून बनत होते, आणि एक्सबॉक्स ३६० मध्ये एकूण ५१२ एमबीच होते. त्यामुळे पीसीत ४ जीबी असलेला माणूस बरीच वर्षं निर्धास्त राहिला. २०१३ मध्ये प्लेस्टेशन ४ आणि एक्सबॉक्स वन ८ जीबी घेऊन आले आणि भिंत हलली. त्याच वर्षी ‘कॉल ऑफ ड्यूटी: घोस्ट्स’ ६ जीबी नसेल तर सुरूच व्हायला तयार नव्हता, नंतर कंपनीने पॅच (दुरुस्तीची फाइल) काढून ४ जीबीवाल्यांनाही आत घेतलं. खोक्यावरचा आकडा आणि खरी गरज यांत एवढं अंतर असू शकतं.

२०२० च्या प्लेस्टेशन ५ आणि एक्सबॉक्स सिरीज एक्स या कन्सोलमध्ये १६ जीबी आले, आणि २०२३ मध्ये ‘हॉगवर्ट्स लेगसी’ने किमान म्हणूनच १६ जीबी मागितले. ‘मायक्रोसॉफ्ट फ्लाइट सिम्युलेटर २०२४’ साठी किमान १६, शिफारस ३२ आणि आदर्श म्हणून ६४. उलट ‘व्हॅलोरंट’ ४ जीबीवर सुरू होतो.

माझ्या मते आज १६ हा पाया आहे. गेमच्या मागे ब्राउझरचे वीस टॅब, डिस्कॉर्ड आणि स्ट्रीमिंग चालणार असेल किंवा मॉड (चाहत्यांनी बनवलेले गेममधले बदल) भरपूर टाकायचे असतील, तर ३२. पण घ्यायची ती दोन स्टिकच्या जोडीने. एका दुकानदाराने मला एकच स्टिक दिली, मीही न बघता घेतली. प्रोसेसरमधल्याच ग्राफिक्सवर खेळत होतो, आणि ते ग्राफिक्स रॅमच वापरतं. दुसरी स्टिक बसवून ड्युअल चॅनल (दोन्ही स्टिक एकदम वापरणं) सुरू झाल्यावर तोच गेम वेगळा वाटला. बायोसमध्ये, म्हणजे मशीनच्या मूळ सेटिंगमध्ये, एक्सएमपी किंवा एक्स्पो (रॅमला तिचा पूर्ण वेग देणारी सोय) सुरू करायचंही अनेकांच्या ध्यानात येत नाही. महागडी रॅम मग कमी वेगानेच चालत राहते.

१९९३ सारखीच वेळ पुन्हा आली आहे, फक्त कारण वेगळं. एआयच्या डेटा सेंटरनी चिपची मागणी इतकी वाढवली की २०२५ च्या अखेरीस रॅमचे भाव भडकले, आणि डिसेंबरमध्ये रॅम बनवणाऱ्या मायक्रॉन कंपनीने ग्राहकांसाठीचा क्रुशियल हा व्यवसाय बंद करण्याचं जाहीर केलं. म्हणून १६ वरून ३२ वर जायचं मनात असेल, तर आपला नेहमीचा गेम तासभर खेळा, मग तो चालू असतानाच विंडोजमधला टास्क मॅनेजर उघडून मेमरीचा आकडा बघा. तो ११-१२ जीबीवर थांबत असेल, तर पैसे ग्राफिक्स कार्डसाठी ठेवा.